चित्रकाराची वही आणि कंपनीची चाकरी : जेम्स फोर्ब्सच्या लेखनातील कोकण, कला आणि राजकारण

प्रस्तावना

रत्नागिरी जिल्ह्याच्या स्थानिक इतिहासाची साधने म्हटली की पेशवे दफ्तरातील कागद, आंग्र्यांचा पत्रव्यवहार, कंपनीच्या वखारींची दफ्तरे आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झालेली गॅझेटियरे यांचा उल्लेख प्रथम होतो. प्रवासवर्णनांचा उपयोग त्यांच्या जोडीला, बहुधा एखाद्या स्थळाचे शोभिवंत वर्णन मिळावे म्हणून, केला जातो. प्रवासी जर चित्रकारही असेल तर त्याची चित्रे पुस्तकाच्या मुखपृष्ठावर येतात. त्यांची साधन म्हणून छाननी क्वचितच होते.

प्रस्तुत लेखात जेम्स फोर्ब्स (१७४९–१८१९) या कंपनीच्या नोकराचे, हौशी चित्रकाराचे आणि प्रवाशाचे लेखन या दृष्टीने तपासण्याचा प्रयत्न केला आहे. त्याचा ‘ओरिएंटल मेम्वार्स’ हा चार खंडांचा सचित्र ग्रंथ १८१३ साली लंडन येथे प्रसिद्ध झाला. बाणकोटच्या खाडीपासून घारापुरीच्या लेण्यांपर्यंत आणि रघुनाथराव पेशव्यांच्या छावणीपासून दाभोईच्या तटबंदीपर्यंत त्याचा विस्तार आहे. राजकारण, कला आणि प्रवास या तीन विषयांवरील एका कलावंताचे चिंतन या ग्रंथात एकत्र आढळते. हे तीन विषय त्यात परस्परांपासून वेगळे काढता येत नाहीत. त्याची रेखाटने जेव्हा झाली तो काळ आणि त्याची मते जेव्हा छापली गेली तो काळ यांत तीसहून अधिक वर्षांचे अंतर आहे. हे अंतर लक्षात न घेता त्याचा आधार घेतल्यास, आपल्याच प्रदेशाविषयीचा दुसऱ्याचा निवाडा आपण पुरावा म्हणून स्वीकारतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. फोर्ब्सचे जीवन आणि ग्रंथाची घडण

फोर्ब्सचा जन्म लंडनचा. वयाच्या सोळाव्या वर्षी, १७६५ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीचा ‘रायटर’, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरचा कारकून, म्हणून तो निघाला आणि १७६६ मध्ये मुंबईस पोचला. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्याला मिळालेले नव्हते. कचेरीच्या कामातून उरलेला वेळ तो रेखाटनांत घालवी. फुले, फळे, पक्षी, मासे, कीटक, देवळे, माणसे, जे दिसेल ते वहीत उतरवावे आणि त्याखाली टिपण लिहावे, असा त्याचा क्रम होता. मुंबईनंतर त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील अंजेंगो येथे त्याची नेमणूक झाली. १७७५ साली तो रघुनाथरावांच्या मदतीस गेलेल्या कर्नल कीटिंगच्या फौजेबरोबर कीटिंगचा खासगी चिटणीस म्हणून गुजरातेत होता. प्रकृती ढासळल्याने तो मायदेशी गेला. पुन्हा परतल्यावर भडोच आणि १७८० नंतर दाभोई येथे त्याने काम केले. सालबाईच्या तहाच्या (१७८२) अटींप्रमाणे तो प्रदेश १७८३ मध्ये मराठ्यांकडे परत गेला आणि पुढल्या वर्षी फोर्ब्सने हिंदुस्थान कायमचा सोडला.

या वर्षांत जमलेली चित्रे आणि टिपणे यांनी १५० खंडांतील ५२,००० पृष्ठे भरली, असे तो सांगतो. त्याच्या हस्तलिखितांपैकी १३ खंड अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात जतन केलेले आहेत. ‘ओरिएंटल मेम्वार्स’ हा या प्रचंड सामग्रीचा संक्षेप होय. हिंदुस्थानातील सतरा वर्षांच्या वास्तव्यात परिचितांना लिहिलेल्या पत्रांतून निवडून व संक्षिप्त करून हा ग्रंथ सिद्ध केला आहे, असे ग्रंथाचे उपशीर्षकच सांगते. ‘निवडून’ आणि ‘संक्षिप्त करून’ हे दोन शब्द इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात ठेवावेत असे आहेत.

कारण निवड करणारा फोर्ब्स हा पत्रे लिहिणारा तरुण राहिला नव्हता. मधल्या काळात तो इंग्लंडातील जमीनदार झाला. १८०३ मध्ये रॉयल सोसायटीचा सभासद निवडला गेला. त्याच वर्षी कुटुंबासह फ्रान्समध्ये गेला असता, इंग्लंड-फ्रान्स युद्ध पुन्हा पेटल्यामुळे नेपोलियनच्या हुकुमाने अडकवून ठेवलेल्या इंग्रज प्रवाशांत त्याचाही समावेश झाला. व्हर्दून येथील या स्थानबद्धतेतून विद्वानांच्या रदबदलीमुळे १८०४ मध्ये त्याची सुटका झाली. या अनुभवाची पत्रे त्याने १८०६ मध्ये प्रसिद्ध केली. १८१० मध्ये त्याने हिंदूंच्या स्वभावाविषयी आणि त्यांना ख्रिस्ती धर्माची दीक्षा देण्याच्या आवश्यकतेविषयी एक पुस्तिका लिहिली. १८१३ हे तर कंपनीच्या सनदेच्या नूतनीकरणाचे वर्ष. मिशनऱ्यांना हिंदुस्थानात मोकळीक असावी की नसावी, यावर त्या वर्षी इंग्लंडात मोठा वाद झाला आणि नव्या सनदेने त्यांचा मार्ग खुला केला. फोर्ब्सचा ग्रंथ याच वादाच्या वातावरणात वाचकांसमोर आला. म्हणून या एका ग्रंथात दोन फोर्ब्स बोलतात, असे म्हणावे लागते : एक जागेवर बसून रेखाटणारा विशी-पंचविशीतील कारकून आणि दुसरा साठीच्या पुढे गेलेला, स्वदेशातील वादात पक्ष घेतलेला संपादक.

२. बाणकोट : हवापालट आणि त्याची राजकीय चौकट

रत्नागिरी जिल्ह्याच्या दृष्टीने फोर्ब्सच्या प्रवासातील पहिला महत्त्वाचा टप्पा बाणकोटचा आहे. १७७१ मध्ये प्रकृतीसाठी हवापालट म्हणून त्याला मुंबईहून बाणकोट आणि तेथून सावित्री नदीने वर दासगावनजीकच्या उन्हाळ्यांकडे पाठविण्यात आले. खाडीच्या मुखावरचा किल्ला, दोन्ही तीरांवरचे डोंगर आणि झाडी, गरम पाण्याची कुंडे यांच्याकडे तो आजारातून उठणाऱ्या माणसाच्या उत्सुकतेने आणि चित्रकाराच्या सवयीने पाहतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्लंडात निसर्गदृश्याकडे ‘चित्रासारखे’ म्हणून पाहण्याची एक रुची घडत होती. डोंगर, पाणी, पडका तट आणि मधून जाणारी होडी यांची एका चौकटीत मांडणी करावी, असा तिचा दंडक होता. सावित्रीची खाडी या रुचीस सहज मानवणारी होती.

परंतु हा प्रवासी या खाडीत निर्धास्तपणे येऊ कसा शकला, हा प्रश्न विचारला की त्या चौकटीबाहेरचा इतिहास दिसू लागतो. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने पेशव्यांशी संगनमत करून तुळाजी आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग घेतला आणि त्यापाठोपाठ बाणकोटही इंग्रजांच्या हाती आले. पुढील वर्षी विजयदुर्ग पडला आणि आंग्र्यांचे आरमार जळाले. १७५६ च्या तहाने विजयदुर्ग पेशव्यांकडे व बाणकोट, आसपासच्या काही गावांसह, कंपनीकडे राहिले. इंग्रजांनी त्याला ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ असे नाव दिले. येथे व्हिक्टोरिया राणीचा संबंध नाही, कारण तिचा जन्मच १८१९ चा. पश्चिम किनाऱ्याच्या मराठी मुलखातील कंपनीचा हा अगदी आरंभीचा पाय होय. मराठी सत्तेने स्वतःच्याच आरमाराचा मोड करण्यात परक्यांची मदत घेतली, त्या व्यवहाराची ही किंमत होती. फोर्ब्सचा हवापालट म्हणजे या व्यवहाराचा दुरून आलेला एक लाभ होता.

याच बाणकोटला खेटून वेळास हे गाव आहे आणि ते नाना फडणिसांचे मूळ गाव होय. १७७१ मध्ये पुण्यात थोरले माधवराव पेशवे गादीवर होते आणि नानांचे नाव अद्याप मुख्य कारभारी म्हणून पुढे आलेले नव्हते. पुढे चारच वर्षांनी फोर्ब्स ज्या पक्षाच्या छावणीत बसून चित्रे काढणार होता, त्या पक्षाचा सर्वांत चिवट विरोधक याच खाडीकाठच्या घराण्यातला होता. हा केवळ योगायोग असला तरी एक गोष्ट त्यातून ध्यानात येते. इंग्रज प्रवाशाला हा किनारा विश्रांतीचा निसर्ग म्हणून दिसत होता. तोच किनारा पुण्याच्या दरबाराला पेशवे, फडणीस आणि त्यांच्याबरोबर वर गेलेली असंख्य कारकुनी घराणी पुरवीत होता. प्रवाशाच्या चित्रात हा मनुष्यव्यवहार उमटत नाही. गावची खोती, सारावसुली, बंदराची जकात, शिबंदी यांची माहिती अशा वर्णनांत शोधणे व्यर्थ ठरते. ती पेशवे दफ्तर आणि कंपनीची कागदपत्रे यांतच मिळायची.

बाणकोटचे महत्त्व पुढेही टिकले. पेशवाईच्या अस्तानंतर १८१९ मध्ये दक्षिण कोकणचा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला तेव्हा त्याचे मुख्य ठाणे बाणकोट येथे होते. १८२२ मध्ये ते अधिक मध्यवर्ती अशा रत्नागिरीस हलविण्यात आले. आज आपण ज्याला रत्नागिरी जिल्हा म्हणतो, त्याच्या प्रशासकीय इतिहासाचा आरंभ अशा रीतीने फोर्ब्सने विश्रांतीस्थान म्हणून पाहिलेल्या किल्ल्याशी जोडलेला आहे.

३. रघुनाथरावांची छावणी : चित्राखालची ओळ

३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथराव गादीवर आले, परंतु १८ एप्रिल १७७४ रोजी नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांना पुत्र झाला आणि बारभाईंनी त्या अर्भकाच्या, सवाई माधवरावांच्या, नावाने कारभार हाती घेतला. पदच्युत रघुनाथरावांनी ६ मार्च १७७५ रोजी मुंबईकर इंग्रजांशी सुरत येथे तह केला. वसई व साष्टी देण्याच्या मोबदल्यात त्यांना कंपनीची फौज मिळाली. त्या फौजेचा प्रमुख कीटिंग आणि त्याचा चिटणीस फोर्ब्स. १८ मे १७७५ रोजी गुजरातेत अडास येथे मोठी लढाई झाली. तथापि कलकत्त्याच्या वरिष्ठ मंडळाने मुंबईकरांचा तह अमान्य केला आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह होऊन मोहिमेचा पहिला अंक संपला.

या मोहिमेची फोर्ब्सने दिलेली हकीकत प्रत्यक्षदर्शीची असल्याने मोलाची आहे. मराठी छावणी म्हणजे चालते शहर, तिच्यातील बाजार, हत्ती-उंटांचे तांडे, सरदारांचे डेरे, दरबारचे शिष्टाचार हे सर्व त्याने चित्रकाराच्या बारकाईने टिपले आहे. मराठी बखरींत छावणीचे असे वर्णन सहसा मिळत नाही, कारण बखरकाराला आणि त्याच्या वाचकाला ते नित्याचे होते. परक्याला जे नवे वाटते ते तो लिहितो. या अर्थाने फोर्ब्स येथे आपली एक उणीव भरून काढतो.

मात्र त्याच्या ग्रंथातील एका चित्राकडे निराळ्या दृष्टीने पाहावे लागते. रघुनाथराव आणि त्यांचे प्रमुख मुत्सद्दी यांचे हे चित्र आहे. बैठक, पोषाख, पागोटी यांचा तपशील त्यात काळजीपूर्वक उतरला आहे. पण त्याच्या मथळ्यात रघुनाथरावांचा उल्लेख पेशवे, म्हणजे मराठी साम्राज्याचे अधिपती, असा आहे. अडासच्या लढाईच्या वेळी पुण्याच्या मसनदीवर सवाई माधवराव होते, सातारकर छत्रपतींची वस्त्रे त्यांना मिळालेली होती आणि बहुतेक सरदारांनी त्यांना मान्यता दिली होती. म्हणजे ज्या प्रश्नावर युद्ध चालू होते त्या प्रश्नाचे उत्तर चित्राखालच्या ओळीने गृहीत धरून टाकले आहे. १८१३ साली हा मथळा छापताना तो अधिकच सोयीचा झाला होता, कारण १८०२ च्या वसईच्या तहाने रघुनाथरावांचे पुत्र दुसरे बाजीराव हे इंग्रजांच्याच आश्रयाने गादीवर पुन्हा बसले होते. बापाला ‘अधिपती’ म्हटले की मुलाच्या आश्रयाला परंपरेचा आधार मिळतो. रेखाटनाची विश्वसनीयता आणि मथळ्याची विश्वसनीयता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

४. घारापुरी : रुचीचा निवाडा

कलेच्या इतिहासाच्या दृष्टीने फोर्ब्सच्या ग्रंथातील सर्वांत विचारात घेण्याजोगा भाग घारापुरीचा आहे. मुंबई बंदरातील हे लेणे युरोपीय प्रवाशांना सर्वांत सुलभ होते. डॅनिश मोहिमेतील कार्स्टन नीबुर याने १७६४ मध्ये मुंबईच्या मुक्कामात त्याची मापे घेऊन रेखाटने केली होती. फोर्ब्सनेही लेण्याच्या अंतर्भागाची चित्रे काढली. एका नामवंत इंग्रज चित्रकाराला आपण तेथे प्रथमच घेऊन गेलो असता, वर्णने ऐकून निराशाच होईल अशी त्याची अपेक्षा होती. पण उन्हातून आत शिरून डोळे सावरताच तो स्तब्ध होऊन उभा राहिला, असा प्रसंग फोर्ब्स सांगतो.

परंतु त्याच ग्रंथात या मूर्तींविषयीचा त्याचा निवाडा वेगळाच आहे. या प्रचंड मूर्तींनी सामान्य प्रेक्षक चकित होईल, पण रुचिसंपन्न मनुष्याला त्यांत प्रमाणबद्धता आणि मुद्रेवरील भाव आढळणार नाहीत, असा त्याचा आशय आहे. वर सांगितलेला चित्रकार हा सामान्य प्रेक्षक नव्हता. युरोपीय कलेत मुरलेला होता. म्हणजे ग्रंथातील अनुभव आणि ग्रंथातील सिद्धांत हे परस्परांच्या विरुद्ध साक्ष देतात.

हा विरोध कसा समजून घ्यावा? ग्रीक व रोमन शिल्प हाच सौंदर्याचा मानदंड, ही धारणा त्या काळच्या सुशिक्षित युरोपीयांत सर्वसामान्य होती. पार्थ मित्तर यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भारतीय कलेविषयीच्या युरोपीय प्रतिक्रियांचा इतिहास मांडताना या धारणेची सविस्तर चर्चा केली आहे. डोळ्यांना जे भिडले ते मान्य करायचे, पण निर्णय लिहिताना घरच्या मापाने मोजायचे, अशी ही द्विधा अवस्था होती. फोर्ब्सच्या बाबतीत तिच्यात उत्तरायुष्यातील धर्मप्रसाराच्या आस्थेची भर पडली. ज्या समाजाला दीक्षेची गरज आहे असे प्रतिपादन करायचे, त्या समाजाची देवशिल्पे परिपूर्ण आहेत असे म्हणणे अडचणीचे होते.

या निवाड्याचे परिणाम एका माणसाच्या अभिरुचीपुरते राहिले नाहीत. हिंदुस्थानात कधीही पाऊल न टाकता १८१७ मध्ये ‘ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास’ लिहिणाऱ्या जेम्स मिलने हिंदूंच्या कला-कौशल्याची पायरी ठरविताना फोर्ब्सच्या ग्रंथाचा आधार घेतला. मिलचा इतिहास पुढे कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांच्या शिक्षणात वाचला जाऊ लागला. अशा रीतीने एका हौशी चित्रकाराचे मत राज्यकर्त्यांच्या शिक्षणाचा भाग झाले. मिलने घेतला तो निवाडा. स्तब्ध होऊन उभ्या राहिलेल्या चित्रकाराचा प्रसंग मात्र त्याच्या युक्तिवादास उपयोगी नव्हता.

अर्थनिर्णयाच्या बाबतीतही सावधगिरी हवी. घारापुरीचे तीन मुखांचे भव्य शिल्प म्हणजे ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांची त्रिमूर्ती, हा समज या पिढीतील युरोपीय वर्णनांतून दृढ झाला आणि आपल्याकडील लोकप्रिय लेखनात अद्याप टिकून आहे. स्टेला क्रामरिश आणि त्यांच्या नंतरच्या अभ्यासकांनी ते एकाच शिवाचे, सदाशिव अथवा महेश या स्वरूपातील दर्शन असल्याचे दाखविले. मधला प्रशांत तत्पुरुष, एका बाजूस उग्र अघोर आणि दुसऱ्या बाजूस स्त्रीसुलभ सौम्य वामदेव, असा त्याचा अर्थ लावला जातो. ‘मुद्रेवर भाव नाही’ असे ज्या शिल्पांविषयी म्हटले गेले, त्यांपैकी या एकाचा आशयच तीन मुद्रांवरील तीन भावांत सामावलेला आहे.

५. दाभोईची शिल्पे : कलेचे स्थलांतर

दाभोई येथे फोर्ब्सच्या हाती प्रत्यक्ष कारभार होता आणि तेथे त्याच्या लेखनाचा सूर बदलतो. शेतकरी, महसूल, न्यायदान, लुटारूंचा उपद्रव हे विषय पुढे येतात. बाणकोटला पाहुणा असताना त्याला जे दिसले नाही ते दाभोईस अंमलदार झाल्यावर दिसू लागले. हिरा भागोळ या नावाने प्रसिद्ध असलेल्या कोरीव वेशीची त्याने चित्रे काढली, तिच्याविषयीच्या स्थानिक दंतकथा नोंदविल्या. नर्मदेच्या पात्रातील कबीरवडाचे त्याने केलेले चित्रही युरोपात बरेच गाजले.

१७८३ मध्ये दाभोई सोडताना गावच्या प्रमुख मंडळींनी त्याला नजराणा देऊ केला. तो न घेता, पडझड झालेल्या जुन्या इमारतींतील काही शिल्पे आपल्याला द्यावीत अशी विनंती आपण केली आणि ब्राह्मणांनी ती मान्य केली, असे तो लिहितो. ही शिल्पे इंग्लंडमध्ये नेऊन त्याने स्टॅनमोर येथील आपल्या बागेत त्यांच्यासाठी एक अष्टकोनी मंदिर बांधले.

या घटनेकडे चोरी अथवा कृतज्ञतेची भेट अशा दोन टोकांच्या शब्दांनी पाहणे अपुरे आहे. संमती मागितली गेली, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे; अनेकांनी तीही मागितली नाही. पण संमती मागणारा हा त्या गावाचा कालपर्यंतचा सत्ताधारी होता आणि तिची हकीकत केवळ त्याच्याच लेखणीतून आपल्यापर्यंत आली आहे, याचा विसर पडता कामा नये. याच पिढीत नेपोलियनने इटलीतून नेलेली प्राचीन शिल्पे पॅरिसच्या संग्रहालयात मांडली होती आणि फोर्ब्स फ्रान्समध्ये अडकला त्या वर्षी ती तेथेच होती. नेपोलियनच्या पाडावानंतर, १८१५ मध्ये, त्यांपैकी पुष्कळशी इटलीस परत गेली. दाभोईच्या दगडांना असा परतीचा मार्ग कोणी आखला नाही. युरोपातील राष्ट्रांच्या आपापसांतील व्यवहारात जो न्याय मान्य झाला तो वसाहतींना लागू झाला नाही, ही बाब कलेच्या इतिहासाइतकीच राजकीय इतिहासाची आहे.

शिवाय एक विसंगती उरतेच. ज्या कलेत प्रमाणबद्धता आणि भाव नाहीत असे त्याने लिहिले, तिचे नमुने पैशाऐवजी मागून घेण्याची, सागरपार नेण्याची आणि त्यांच्यासाठी मंदिर उभारण्याची ओढ त्याला का वाटली? लिहिलेल्या निवाड्यापेक्षा ही कृती अधिक प्रामाणिक साक्ष देते, असे म्हणण्यास हरकत नसावी.

६. समकालीन मराठी नजर

फोर्ब्सचे महत्त्व ठरविताना याच काळात मराठी माणूस काय पाहत होता, हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे. नाना फडणीस (१७४२–१८००) वयाने फोर्ब्सपेक्षा सात वर्षांनी मोठे. पानिपतच्या मोहिमेत ते तीर्थयात्रेच्या ओढीने उत्तरेत गेले आणि पराभवातून जीव वाचवून परतले. त्या अनुभवापर्यंतचे आत्मवृत्त त्यांनी लिहून ठेवले आहे. त्यात निसर्गवर्णनास स्थान अल्प आहे. धर्मभाव, भीती, आप्तवियोग आणि आत्मपरीक्षण यांना अधिक. प्रवास हा त्यांच्या दृष्टीने पुण्य आणि संकट यांचा विषय होता, दृश्यांचा नव्हता.

मात्र मराठी मुलखात दृश्याची आस्था नव्हती असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. वाईजवळील मेणवली येथील नानांच्या वाड्यातील भित्तिचित्रे तिची साक्ष देतात. १७९२ मध्ये जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचे चित्र काढले. त्याच वर्तुळात पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट हा चित्रकार इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट आणि वेल्स यांच्यासाठी काम करीत होता. वेरूळ व कार्ले येथील लेण्यांची आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याची त्याची रेखाटने उपलब्ध आहेत. पुढे वेल्सच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने १८०३ मध्ये वेरूळची चित्रे लंडनला प्रसिद्ध केली. तांबटाचे नाव मात्र दीर्घकाळ विद्वानांच्या टिपांपुरते राहिले.

फोर्ब्स आणि तांबट यांच्यातील फरक हाताच्या कौशल्याचा नाही. फोर्ब्सपाशी रेखाटनाबरोबर लेखणी होती, मुद्रणालय होते आणि वाचक होते. तांबटापाशी केवळ रेखाटन होते. त्याने वेरूळविषयी काय विचार केला हे सांगणारा ग्रंथ नाही. म्हणून कलावंताचे चिंतन या नावाखाली आपल्यापर्यंत जे पोचते ते बहुतांशी सत्तेच्या बाजूला उभ्या असलेल्या कलावंताचे असते. या मौनाची जाणीव ठेवणे, हा साधनचिकित्सेचाच भाग मानला पाहिजे.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली, फोर्ब्सच्या ग्रंथातील प्रत्येक विधानाला दोन तारखा आहेत : एक अनुभवाची, दुसरी संपादनाची. १७७१ चे बाणकोट आणि १८१३ ची सनद यांमधील अंतर मोजल्याविना त्याचा हवाला देणे धोक्याचे आहे. येल येथील हस्तलिखित खंडांशी छापील पाठाची तुलना हा यापुढील संशोधनाचा उघड विषय आहे. कोकणविषयक भागापुरती जरी ती झाली तरी तिचा मोठा उपयोग होईल.

दुसरी, रेखाटन, मथळा आणि निवाडा यांना वेगवेगळी किंमत द्यावयास हवी. रघुनाथरावांचा पोषाख आपण फोर्ब्सकडून घेऊ शकतो, त्यांचे ‘अधिपती’पद घेऊ शकत नाही. घारापुरीच्या अंतर्भागाची त्याची चित्रे आपण घेऊ शकतो, त्याचा मानदंड घेण्याचे कारण नाही.

तिसरी, प्रवासी कोणत्या नात्याने आला यावर त्याला काय दिसते हे अवलंबून असते. आजारी पाहुणा, फौजेचा चिटणीस आणि जिल्ह्याचा अंमलदार अशा तीन नात्यांनी फोर्ब्सने पश्चिम हिंदुस्थान पाहिला आणि तिन्ही वेळा त्याच्या लेखनाचा विषय बदलला.

जेम्स कॅम्बेलच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांनी फोर्ब्सचा आधार अनेक ठिकाणी घेतला. रत्नागिरी व सावंतवाडीचा खंड १८८० चा. या खंडांचा आधार आपण स्थानिक इतिहास लिहिताना घेतो आणि त्यांतील मजकूर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत जातो. या साखळीत मूळ साक्षीदार कोण, तो कोठे उभा होता आणि त्याने केव्हा लिहिले, हे विचारण्याची सवय महाविद्यालयीन पातळीवरच लागली पाहिजे. बाणकोटचा किल्ला, वेळास आणि सावित्रीची खाडी ही आपल्या विद्यार्थ्यांना एका दिवसात पाहता येणारी स्थळे आहेत. फोर्ब्सचे पान, पेशवे दफ्तरातील कागद आणि प्रत्यक्ष जागा ही तिन्ही समोर ठेवून इतिहासाचा एक तास तेथे घेतला, तर साधनांची चिकित्सा म्हणजे काय हे वर्गातील अनेक व्याख्यानांपेक्षा अधिक स्पष्ट होईल.